मलावी सरोवराकाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: बोट, मासे आणि गुलामांच्या जुन्या वाटा

मलावी सरोवराला जायचं म्हटलं की बहुतेक जण निळं पाणी, सोनेरी वाळू आणि कायाकचे फोटो बघून तिकीट काढतात. काढावंच, पाणी खरोखरच तसं आहे. पण हाच काठ एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा मोठा रस्ता होता. ते माहीत नसताना गेलात तर न्खोटाकोटाला तुम्ही एका झाडाखाली सावलीला उभे राहाल, पाणी प्याल आणि पुढे जाल. झाड कोणतं, ते कळणारही नाही. म्हणून या लेखात व्हिसा-लस-बस यांच्या जोडीने तो इतिहासही सहलीच्या आखणीत बसवला आहे. आणि भारतीय माणूस, त्यातही मुंबई-नाशिककडचा, या गोष्टीत वाटतो तितका त्रयस्थ नाही. ते पुढे येईलच.

आधी आवाका समजून घ्या

सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे, म्हणजे मुंबईहून गोव्याला जाण्याइतकं. रुंदी जास्तीत जास्त पाऊणशे किलोमीटर, खोली सातशे मीटरपर्यंत. पश्चिम आणि दक्षिण काठ मलावीचा, पूर्वेला मोझांबिक आणि टांझानिया. टांझानियात याला न्यासा सरोवर म्हणतात आणि हद्दीवरून दोन्ही देशांत जुना वाद आहे. चहाच्या टपरीवर त्यात आपण पडू नये.

हे आकडे आधी सांगायचं कारण असं की नवखा माणूस नकाशा बघून ‘सगळा काठ करून येऊ’ म्हणतो आणि निम्मे दिवस मिनीबसमध्ये घालवतो. आठवडाभर असेल तर फक्त दक्षिण करा: मांगोची, मंकी बे, केप मॅक्लिअर आणि परतताना मुआ. दहा-बारा दिवस असतील तर त्यात सलीमा आणि न्खोटाकोटा घाला. न्खाटा बे, लिकोमा बेट आणि कारोंगा हवं असेल तर तीन आठवडे हाताशी ठेवा, आणि त्यातले दोन-तीन दिवस बोट न आल्यामुळे वाया जाणार हे धरूनच चला.

कधी जायचं

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. मे-जूनमध्ये डोंगर अजून हिरवे असतात, रात्री बऱ्यापैकी गारवा असतो, डास कमी. मात्र याच दिवसांत आग्नेयेकडून ‘म्वेरा’ नावाचा वारा सुटतो. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी समुद्रासारखं उसळतं आणि छोट्या होड्या काठाला बांधून ठेवतात. नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर जास्त पैसे दाखवून त्याला पाण्यात उतरवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी बरंच शांत आणि नितळ असतं, पण उकाडा कोकणातल्या मे महिन्याचा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस. तेव्हा काठचा रस्ता धरायचा असेल तर पूल शाबूत आहेत ना, याची चौकशी निघण्याआधी करा.

पावसाच्या सुमाराला सरोवरावर कधी कधी धुराचे खांब उठल्यासारखे दिसतात. ती आग नसते, सरोवरातल्या चिलटांचे थवे असतात. स्थानिक लोक ती पकडून, थापून वड्या करतात आणि खातात. समोर आली तर चाखून बघा. नाही चाखली तरी कुणी रागावत नाही.

कागदपत्रं आणि लस

मुंबईहून थेट विमान नाही. अदीस अबाबा किंवा नैरोबीमार्गे लिलाँग्वे किंवा ब्लँटायरला उतरता येतं. काठासाठी लिलाँग्वे सोयीचं. व्हिसाचे नियम मलावीने गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत, त्यामुळे कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळ बघा आणि मगच तिकिटाचे पैसे भरा.

पीतज्वराची लस हा भाग हलक्यात घेऊ नका. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत आणि आपला रस्ता नेमका तिथूनच जातो. मलावीत शिरताना आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, भारतात परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागितलं जाऊ शकतं. ते नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून महिनाभर आधी हालचाल करा.

मलेरिया इथे वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे पूर्वी सर्रास दिली जायची ती क्लोरोक्विन इथे चालत नाही.

पैसे, फोन, वाहन

चलन क्वाचा. परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे बँकेचा दर आणि बाहेरचा दर यांत फरक असतो. रस्त्यावर नोटा बदलून देणारा लगेच भेटेल, पण तो व्यवहार बेकायदा आहे आणि गड्डीत मधेच कोरे कागद घालण्याची कलाही तिथे चांगली विकसित झाली आहे. डॉलरच्या नोटा नव्या, मोठ्या आणि न दुमडलेल्या न्या. केप मॅक्लिअर किंवा लिकोमाला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. एअरटेलचं सिमकार्ड आपल्या ओळखीचं वाटेल, आणि मोबाइलवरून पैसे देणं गावोगाव चालतं. विजेचं प्लग पॉइंट ब्रिटिश पद्धतीचं, चौकोनी तीन पिनांचं असतं, आपला प्लग त्यात बसत नाही. वीज वरचेवर जाते. टॉर्च न्याच.

वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेणं आपल्याला सोपं. पण इंधनाची टंचाई अधूनमधून होते. टाकी अर्धी झाली आणि पंपावर पेट्रोल दिसलं की भरून घ्यायचं. मिनीबस भरली की सुटते, आणि ‘भरली’ याची तिथली व्याख्या आपल्या वडापवाल्यालाही लाजवेल अशी आहे. जिथे मिनीबस जात नाही तिथे ‘मातोला’, म्हणजे माणसं, पोती आणि कोंबड्या एकत्र नेणारा उघडा पिकअप. गावातल्या गावात ‘कबाझा’ ही सायकल-टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. अंधार पडल्यावर मात्र कशातूनही प्रवास नको: रस्त्यावर दिव्यांविना सायकली, बकऱ्या आणि बंद पडलेले ट्रक असतात.

निघण्याआधी एवढा इतिहास वाचून ठेवा

१८४०च्या दशकात सलीम बिन अब्दल्ला हा झांझिबारकडचा व्यापारी पश्चिम काठावर न्खोटाकोटाला येऊन बसला. ‘जुम्बे’ ही त्याची पदवी, आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्यांनीही तीच चालवली. आतल्या मुलखातून पकडलेली माणसं इथे जमा व्हायची, शिडाच्या धाऊंतून सरोवर ओलांडायची आणि पूर्वेच्या काठावरून हिंदी महासागरावरच्या किल्वा बंदरापर्यंत पायी हाकली जायची. मानेत बेचक्याच्या लाकडाचा खोडा, आणि अनेकांच्या डोक्यावर हस्तिदंत. वाटेत किती मेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जे पोचले त्यांतले बरेच झांझिबार आणि पेंबा बेटांवरच्या लवंगांच्या बागांत, काही आणखी पुढे अरबस्तानात.

ही ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ अशी सरळ गोष्ट मात्र नाही. तांडे चालवणाऱ्यांत सरोवराच्या दक्षिणेचे याओ सरदार होते, दक्षिणेकडून आलेल्या न्गोनींच्या धाडींनी गावं उठत होती, आणि काही चेवा प्रमुखही दुष्काळात किंवा भांडणात माणसं विकत होते. पकडणाऱ्यांचे आणि पकडलेल्यांचे पणतू-खापरपणतू आज एकाच गावात राहतात, एकाच बाजारात मासळी विकतात.

आता आपली बाजू. झांझिबारच्या जकातीचं कंत्राट कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होतं. आत जाणाऱ्या तांड्यांना लागणारं कापड आणि मणी उधारीवर पुरवणाऱ्यांत हिंदी सावकार आघाडीवर होते. त्या खांद्यांवरून आलेला हस्तिदंत मोठ्या प्रमाणात मुंबईत उतरायचा, इथे त्याच्या बांगड्या व्हायच्या, उरलेला पुढे युरोपला जायचा. संग्रहालयांतल्या फलकांवर हे फारसं लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

दुसरी बाजूही मुंबईचीच. ब्रिटिश नौदलाने समुद्रात धाऊ अडवून सोडवलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईला आणत. त्यांच्यासाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला आश्रम काढला. आजच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल? स्कॉटिश मिशनरी आणि शोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ साली ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला आला, तेव्हा त्याच्याबरोबर चुमा हा मुलगा होता. १८६१ साली शिरे नदीच्या वरच्या पठारावर गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. त्याला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. १८६६ साली शेवटच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टनने चुमाला आणि शरणपूरच्या नऊ तरुणांना बरोबर नेलं. पुढे त्याला येऊन मिळालेला जेकब वेनराइट हाही नाशिकलाच शिकलेला, मूळचा याओ समाजातला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, मेला. त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, आणि झाडावर अक्षरं कोरली ती वेनराइटने. मग चुमा, लिव्हिंग्स्टनचा जुना सेवक सुसी, वेनराइट आणि सोबत्यांनी देह वाळवून, गुंडाळून महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला गेला तेव्हा वेनराइट पेटी धरणाऱ्यांत होता.

एक लक्षात ठेवा: लिव्हिंग्स्टनच्या भेटींनी व्यापार थांबला नाही. तो १८५९च्या सप्टेंबरात सरोवराला पोचला, आणि त्यानंतर तीसेक वर्षं धाऊ चालूच होत्या. त्या बंद पडल्या ब्रिटिश तोफांनी, आणि त्याच तोफांबरोबर झोपडीपट्टी आली, मळ्यांवरची ‘थंगाटा’ ही वेठ आली. त्याविरुद्ध १९१५ साली उठलेल्या जॉन चिलेंब्वेचं चित्र तुमच्या खिशातल्या क्वाचावर दिसेल. इथली झोपडीपट्टी म्हणजे वस्ती नव्हे हं, झोपडीवर बसवलेला कर.

मांगोची: सुरुवात इथून करा

सरोवरातून शिरे नदी जिथे बाहेर पडते तिथून थोडं खाली हे गाव आहे. १८९१ साली इंग्रजांनी याओ सरदारांच्या तांड्यांचा उतार अडवण्यासाठी इथे फोर्ट जॉन्स्टन बांधला. इंग्रज प्रशासक हॅरी जॉन्स्टनने आणलेल्या फौजेत शीख शिपाई आणि हैदराबादचे घोडेस्वार होते. त्यांचा कप्तान सेसिल मॅग्वायर त्याच वर्षी डिसेंबरात पूर्व काठावर मकांजिरा या सरदाराशी लढताना मारला गेला. सरोवराचं संग्रहालय लहानसंच आहे, तासाभरात बघून होतं. पण काठची माणसं, जाळी, होड्या आणि धाऊ यांची ओळख आधी इथे करून घेतली की पुढचा प्रवास उलगडत जातो. ‘ग्वेंडोलिन’ या लढाऊ बोटीची तोफही मांगोचीत आहे. १९१४च्या ऑगस्टमध्ये या बोटीने सरोवराच्या पलीकडे दुरुस्तीला काढलेल्या जर्मन बोटीवर गोळा टाकला. जर्मन कप्तान इंग्रज कप्तानाचा दोस्त होता, आणि युद्ध सुरू झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

केप मॅक्लिअर: पोहायचं ते इथे

मंकी बेपासून वीसेक किलोमीटरवर चेंबे गाव, त्यालाच केप मॅक्लिअर म्हणतात. भोवतीचं राष्ट्रीय उद्यान १९८४पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि ते माशांमुळे. ‘म्बुना’ म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड मासे. निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे. या सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कित्येक जातींत मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. ऑटर पॉइंटला किंवा समोरच्या थुंबी बेटाजवळ मुखवटा लावून डोकं पाण्यात घातलं की पाचव्या मिनिटाला हे सगळं बघता येतं. पट्टीचं पोहता यायची गरज नाही. लाइफ जॅकेट मात्र होडीत आहे ना, हे काठावरच डोळ्यांनी बघा. ‘आहे, आहे’ यावर जाऊ नका.

किनाऱ्यावर उतरताच मुलं-तरुण गराडा घालतील: होडी, मासे भाजून देणं, तुमच्या नावाची किल्लीची साखळी. हे गावाचं पोट आहे, वैतागू नका. मार्गदर्शकांची गावात संघटना आहे. राहण्याच्या ठिकाणी विचारून त्यातलाच माणूस घ्या. दर, वेळ, जेवण आणि उद्यानाचं शुल्क त्यात धरलंय का, हे एकदाच बोलून घ्या.

गावामागच्या टेकडीच्या पायथ्याशी मिशनऱ्यांची थडगी आहेत. १८७५ साली स्कॉटिश मिशन इथे आलं. त्यांची ‘इलाला’ ही आगबोट शिरे नदीच्या धबधब्यांवरून सुट्या भागांत शेकडो हमालांच्या डोक्यावरून आणली आणि वर येऊन पुन्हा जोडली. सरोवरावरची ही पहिली आगबोट. पुढे तापाने माणसं मरू लागल्यावर मिशन उत्तरेला हललं. थडग्यांवरची वयं वाचा, बहुतेक विशी-तिशीतली पोरं. त्या हमालांची नावं मात्र कुठेच नाहीत.

सकाळी लवकर उठून गावाच्या टोकापर्यंत चालत जा. बांबूच्या उंच मांडवांवर उसिपा वाळत घातलेला असतो, बोटभर लांबीचे चांदीसारखे मासे, आणि बायका हाताने तो परतत असतात, दगड-कचरा वेचत, कावळ्यांना हाकलत. बाजूला रात्रभर दिवे लावून मासेमारी केलेल्या होड्यांमधून जाळी उतरत असतात. लिलावाची बोलाबोली चालते ती ऐकण्यासारखी. समोर जाऊन कॅमेरा रोखू नका.

न्खोटाकोटा: इथे घाई नको

सलीम्यापासून काठच्या रस्त्याने उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटर. पर्यटकांच्या दृष्टीने गावात ‘काही नाही’, म्हणून गाड्या थांबत नाहीत. जुम्बेंची राजधानी हीच. मिशनच्या आवारात अंजीराच्या जातीचं ते झाड दाखवतात, जिथे लिव्हिंग्स्टन जुम्बेशी बोलायला बसला होता असं सांगतात. तो इथे १८६१ आणि १८६३ असा दोनदा आला. जुम्बेने ऐकून घेतलं आणि धंदा चालू ठेवला. १८८९ साली जॉन्स्टनने करार केला तो त्याच्या वारसाशी. फलक मोजका आहे. भोवती आजचं रुग्णालयाकडे जाणारं-येणारं गाव आहे, त्यामुळे ‘स्मारक’ म्हणावं असं काही वाटत नाही. मला विचाराल तर तेच बरं आहे.

इथे स्थानिक वाटाड्या घ्याच, आणि शक्य तर वयस्क. झाडावरून मशिदीकडे, तिथून धाऊ ज्या काठावरून सुटत त्या बाजूला पायी जाऊन या. आज तिथे होड्या दुरुस्त होतात आणि पोरं पाण्यात उड्या मारतात. समोरचा मोझांबिकचा काठ हवा स्वच्छ असली तरच दिसतो. पकडून आणलेल्या डोंगरकाठच्या माणसाने एवढं पाणी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल. या गावासह मांगोची, कारोंगा वगैरे ठिकाणं मलावीने ‘गुलामांच्या वाटा’ म्हणून युनेस्कोच्या संभाव्य यादीत दिली आहेत. देखभाल मात्र यादीइतकी पुढे गेलेली नाही.

न्खोटाकोटात मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि गाव साधं आहे. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला, स्विमसूटमध्ये बाजारात फिरू नका. ‘तुमचे पूर्वज गुलाम होते का?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. इथे तो अपमान समजला जातो. व्यापारी कोण होते, गाव कसं वसलं, असं विचारलं तर म्हातारी माणसं तासभर बोलतात.

लिकोमा आणि कारोंगा: वेळ असेल तरच

लिकोमा बेट मोझांबिकच्या काठाला लागून आहे, तरी ते मलावीचं. कारण इथलं इंग्रज मिशन. १९०३ ते १९११ मध्ये इथे सेंट पीटर्स हे कॅथेड्रल बांधलं. दगडी, प्रचंड, आणि बेटाच्या मानाने इतकं मोठं की पहिल्यांदा बघणारा चक्रावतो. आतला लाकडी क्रूस लिव्हिंग्स्टनच्या हृदयावर उभ्या असलेल्या झाडापासून घडवलेला असं सांगतात. तेच झाड, ज्यावर नाशिकला शिकलेल्या वेनराइटने अक्षरं कोरली होती. रविवारच्या प्रार्थनेला जाऊन मागच्या बाकावर बसा. गाणं ऐकण्यासारखं असतं, धर्म कुठला का असेना.

पोचायचं कसं, हा खरा प्रश्न. मंकी बे ते चिलुंबा आठवड्याला एक फेरी करणारी, मिशनच्या आगबोटीचंच नाव लावणारी ‘इलाला’ ही बोट १९५१पासून पाण्यात आहे. वरच्या डेकवर उघड्यावर झोपून जाणं हा या सहलीतला सगळ्यात मस्त अनुभव, पण बोट दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंदही असते. वेळापत्रक छापील समजू नका, बंदरावर फोन करून खात्री करा. नाहीतर न्खाटा बेहून सुटणाऱ्या छोट्या बोटी आहेत. त्या खच्चून भरलेल्या असतील किंवा म्वेरा सुटला असेल तर सरळ रद्द करा. छोटं भाड्याचं विमानही मिळतं, खिसा असेल तर.

कारोंगा अगदी उत्तरेला. म्लोझी नावाच्या स्वाहिली व्यापाऱ्याने १८८७ साली इथल्या न्गोंडे लोकांची कत्तल केली. १८९५च्या डिसेंबरात जॉन्स्टनने त्याचा कोट पाडून त्याला फाशी दिलं. संग्रहालयात हे आहे, आणि मलावीसॉरस या डायनासोरचा सांगाडाही. मुलं बरोबर असतील तर दुसरी गोष्ट जास्त चालते.

पाण्यात उतरताना

माहितीपत्रकं ज्याबद्दल कुजबुजतात ते मोठ्याने सांगतो: या सरोवरात बिल्हार्झिया आहे. गोगलगाईंतून पाण्यात आलेली जंताची सूक्ष्म पिल्लं त्वचेतून शरीरात शिरतात. ताबडतोब काहीच कळत नाही. काही आठवड्यांनी ताप, खाज, लघवीतून किंवा शौचातून रक्त. आपल्याला हा रोग परदेशी वाटतो, पण गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात याचीच साथ नोंदली गेली होती.

लव्हाळी असलेलं, साचलेलं, गावाजवळचं उथळ पाणी टाळा. होडीतून खोल, खडकाळ जागी जाऊन पोहणं त्यामानाने बरं, धोका शून्य मात्र कुठेच नाही. बाहेर आलात की लगेच खसखसून अंग पुसा. औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण ते पूर्ण वाढलेल्या जंतावरच चालतं. म्हणून शेवटच्या पोहण्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी घ्यायचं असतं, डॉक्टरांना विचारून. तिथेच ‘आधीच घेऊन टाका’ म्हणणारे भेटतील, त्याने काम होत नाही.

मगरी आणि पाणघोडे नदीमुखांजवळ, लव्हाळ्यांत असतात. संध्याकाळी पाण्याच्या काठाने एकट्याने फिरू नका, आणि ‘इथे मगर आहे का’ हे हॉटेलवाल्याऐवजी कपडे धुणाऱ्या बायकांना विचारा.

जेवण

न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हाताने तोडून, चेपून ‘न्डिवो’बरोबर, म्हणजे कालवण-भाजीबरोबर खायचा. न्खाटा बेकडे तो कसावाचा असतो, चिकट, सवयीचा. माशांत चांबो सगळ्यात नावाजलेला, पण बेसुमार मासेमारीने तो कमी झाला आहे. बोटभर पिल्लू ताटात आलं तर घेऊ नका. कांपांगो हा मांजरमासा रस्सेदार कालवणाला उत्तम. उसिपाची सुकट तळून मिळते, आणि कोकणी माणसाला त्यावर काही समजावून सांगावं लागत नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याच्या पानांची भाजी सर्वत्र मिळते, घेवडा मिळतो, आणि ‘नांदोलो’ मिळतो, म्हणजे चक्क तूर. आपल्या वरणातली डाळ यातूनही येते: २०२१ साली भारताने मलावीकडून दरवर्षी ५०,००० टन तूर घेण्याचा करार केला. ‘भाजी शिजवताना सुका मासा घातलाय का’ हे मात्र न विसरता विचारा.

वागणं-बोलणं

कामाचं बोलण्याआधी विचारपूस हवीच. ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे कसे आहात. उत्तर ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’, मी बरा, तुम्ही? आभारासाठी ‘झिकोमो’. एवढ्या तीन वाक्यांनी भाडी उतरतात असं म्हणणार नाही, पण चेहरे नक्की उतरत नाहीत. तुम्हाला ‘म्वेन्ये’ अशी हाक येईल. त्याचा अर्थ भारतीय. तिथे दुकानदारी करणाऱ्या गुजराती कुटुंबांमुळे भारतीय म्हणजे पैसेवाला आणि घासाघीस करणारा, असा समज आहे. घासाघीस करा, पण शेवटच्या दहा क्वाचांसाठी नको.

सरोवर हा लोकांचा मोरीचा कट्टा, धोबीघाट आणि न्हाणीघर आहे. फोटो काढण्याआधी विचारा, आंघोळीच्या वेळी विचारूही नका. मुलांना गोळ्या-पैसे वाटू नका. द्यायचंच असेल तर गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोला. मुआच्या कुंगोनी केंद्रात चेवांच्या मुखवट्यांचं संग्रहालय आहे, ते परतीच्या वाटेवर जरूर बघा. त्यातले काही मुखवटे गुलाम पकडणाऱ्यांची टिंगल करणारे आहेत का, हे तिथल्या मार्गदर्शकाला विचारा, गप्पा रंगतात. प्रत्यक्ष गावात ‘गुले वांकुलू’, म्हणजे चेवांचा मुखवटे घालून केलेला विधीचा नाच, वाटेत भेटला तर थांबा, बाजूला व्हा, कॅमेरा खाली ठेवा.

परतल्यावर

पिवळं कार्ड हाताशी ठेवून विमानतळावर उतरा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवायच्या असतात, बरेच जण घरी आल्याच्या आनंदात त्या सोडतात. आणि बिल्हार्झियाच्या औषधासाठी कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची तारीख आजच लिहून ठेवा. आपल्याकडे ते प्राझिक्वांटेल या नावाने चिठ्ठीवर मिळतं. शेजारच्या दुकानात नसेल तर मागवून घ्यावं लागेल.